लेझरचे खरे वॅट

छंद म्हणून किंवा घरगुती व्यवसायासाठी घेतल्या जाणाऱ्या लेझर कटिंग यंत्राच्या जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला आकडा त्याच्या शक्तीचा, म्हणजे वॅटचा असतो आणि यंत्राची किंमतही बहुधा त्यावरूनच ठरते. तरीही यंत्र घरी आल्यावर हा आकडा पडताळून पाहणारे फार थोडे असतात. भाजी घेताना काट्याकडे आणि पेट्रोल भरताना शून्याकडे लक्ष ठेवणारा ग्राहक येथे मात्र लेबलावर विसंबतो, कारण प्रकाशाची शक्ती मोजणारे प्रयोगशाळेच्या दर्जाचे उपकरण पुष्कळदा त्या यंत्राइतकेच, किंबहुना त्याहूनही महाग असते. वास्तविक कामापुरते अचूक मापन करण्यासाठी धातूचा एक ठोकळा, एक तापमापक, एक विद्युत रोधक आणि घड्याळ एवढे साहित्य पुरते, आणि त्यामागचे भौतिकशास्त्र शालेय पुस्तकातल्या उष्णतेच्या धड्यापलीकडचे नाही.

वॅट हे दर सेकंदाला खर्च होणाऱ्या किंवा बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचे माप आहे; एक वॅट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल. व्याख्या इतकी स्वच्छ असली तरी लेझर यंत्राच्या बाबतीत हे माप कोठे घेतले, ते सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. भिंतीवरच्या सॉकेटमधून यंत्र जी वीज घेते ती एक शक्ती, लेझरच्या उगमातून जो प्रकाश बाहेर पडतो ती दुसरी, आणि आरसे व भिंग ओलांडून प्रत्यक्ष लाकडावर किंवा ॲक्रिलिकवर जो प्रकाश पोहोचतो ती तिसरी. यांतील पहिली सर्वांत मोठी असते आणि तिसरी, जी ग्राहकाच्या खऱ्या उपयोगाची, ती सर्वांत लहान असते. निळ्या प्रकाशाच्या डायोड लेझर यंत्रांच्या बाबतीत हा घोळ सर्वाधिक झाला आहे. या यंत्रांतल्या एका डायोडमधून साधारण ५ ते ५.५ वॅट प्रकाश मिळतो, परंतु असा एकच डायोड असलेली यंत्रे ‘४० वॅट’ या नावाने सर्रास विकली गेली, कारण तो आकडा प्रकाशाचा नसून विजेचा होता. अनेक डायोडांचे किरण एकत्र आणून खरोखर १०, २० किंवा ४० वॅट प्रकाश देणारी यंत्रे पुढे बाजारात आली, तेव्हा विक्रेत्यांनाच ‘प्रकाशीय शक्ती’ असा वेगळा शब्द छापावा लागला. खरेदी करताना हा शब्द शोधावा. तो नसेल तर छापलेला आकडा विजेचा आहे असे धरून चालणे अधिक सुरक्षित.

कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीवर चालणाऱ्या यंत्रांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिचा उगम महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९३८ साली बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेतलेले चंद्र कुमार नारनभाई पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ साली हा लेझर सिद्ध केला. शुद्ध कार्बन डायऑक्साइडमधून आरंभी मिळालेली शक्ती अगदी क्षीण होती. परंतु त्या वायूत नायट्रोजन आणि नंतर हेलियम मिसळल्यावर ती झपाट्याने वाढली, आणि उद्योगात कापण्या-जोडण्याच्या कामासाठी वापरता येईल असा पहिला समर्थ लेझर त्यातून उभा राहिला. आज गल्लीतल्या नेमप्लेटच्या दुकानात ॲक्रिलिक कापणारी, लग्नपत्रिकेवर जाळी काढणारी आणि गणपतीच्या मखरासाठी एमडीएफचे तक्ते कोरणारी यंत्रे त्याच वायुमिश्रणावर चालतात.

त्या मिश्रणाचे कार्य समजून घेतले म्हणजे शक्तीचा आकडा स्थिर का राहत नाही, हेही कळते. काचेच्या नळीतील विरळ वायूवर सुमारे वीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब लावला की इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या रेणूंवर आदळून त्यांना कंपित करतात, नायट्रोजन ती ऊर्जा टकरीतून कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला देतो, आणि तो रेणू वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर उतरताना १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकतो. ही क्रिया अखंड चालायची तर खालची पातळी सतत रिकामी होत राहिली पाहिजे. ते काम हेलियम करतो आणि वायूतली उष्णता नळीच्या भिंतीकडे वाहून नेण्याचे कामही मुख्यतः तोच करतो. वायू तापला की खालच्या पातळीत रेणूंची गर्दी होते, वरून उतरणाऱ्यांना जागा कमी पडते आणि विजेचा खर्च तोच राहून प्रकाश घटतो. नळीभोवती पाणी खेळवले जाते ते यासाठी, आणि ते पाणी साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे असे सांगतात तेही यासाठीच. चिलर नसलेले, साध्या बादलीतले पाणी फिरवणारे यंत्र जानेवारीत जेवढे कापते तेवढे विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात कापत नाही, ही तक्रार पुष्कळदा नळीच्या माथी मारली जाते. दोष पाण्याचा असतो.

नळी जितकी लांब तितका वायू अधिक आणि म्हणून शक्तीही अधिक, असा साधारण हिशेब आहे. सुमारे ७०० मिलिमीटर लांबीच्या, ‘के-४०’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या लहान यंत्रातील नळीवर ४० वॅट असे लिहिलेले असले, तरी तिच्यातून दीर्घकाळ सुखाने मिळणारी शक्ती बहुधा तीस ते पस्तीस वॅटच्या आसपास असते. प्रवाह ताणून क्षणभर चाळीसचा आकडा गाठता येतोही. मात्र नळीचे आयुष्य त्यात झपाट्याने सरते. अर्थात नवीन नळीची शक्तीही कायमची नसते. वायूचे काही रेणू विघटित होतात, हेलियम काचेतून हळूहळू निसटतो, आणि जुन्या नळीतून तेवढ्याच प्रवाहाला कमी प्रकाश निघू लागतो.

अशा परिस्थितीत बहुतेक वापरणारे शक्तीचा अंदाज कापण्यावरून बांधतात: तीन मिलिमीटरचा ॲक्रिलिक अमुक वेगाने कापला जातो, म्हणजे यंत्र ठीक आहे. ही चाचणी निरुपयोगी नाही, पण ती शक्तीची नसून साऱ्या यंत्राची आहे. कापणे शक्तीइतकेच तिच्या एकवटण्यावर अवलंबून असते. ठिपक्याचा व्यास दुप्पट झाला तर क्षेत्रफळ चौपट होते आणि तेवढ्याच वॅटची घनता पाव होते. भिंगावर धुराचा थर असेल, फोकस अर्धा मिलिमीटर चुकला असेल, हवेचा झोत मंद असेल किंवा एमडीएफच्या त्या तक्त्यात सरस जास्त असेल, तरी काप अपुरा येतो आणि नळी बदलण्याचा खर्चिक निर्णय घेतला जातो. निदान करायचे तर शक्ती एकटी, बाकी सर्व गोष्टींपासून वेगळी काढून मोजली पाहिजे. त्यासाठी हाताशी असणारी काही साधने येथे चालत नाहीत: प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर फक्त वीज मोजतो, सिलिकॉनचा स्वस्त प्रकाशसंवेदक १०.६ मायक्रोमीटरच्या किरणांना आंधळा असतो आणि निळ्या लेझरच्या पूर्ण शक्तीत टिकत नाही. उरतो तो सर्वांत जुना मार्ग. प्रकाश पूर्णपणे शोषला गेला की त्याची सारी ऊर्जा उष्णता होते, आणि उष्णता मोजण्याची कला दोनशे वर्षांहून अधिक जुनी आहे.

हे तत्त्व उष्मामापनाचे. एखाद्या पदार्थाच्या एक ग्रॅम वस्तुमानाचे तापमान एक अंशाने वाढवण्यास जितकी ऊर्जा लागते, तिला त्याचा विशिष्ट उष्मा म्हणतात. ॲल्युमिनियमसाठी तो सुमारे ०.९ ज्यूल, तांब्यासाठी ०.३८५ ज्यूल आणि पाण्यासाठी ४.१९ ज्यूल आहे. म्हणजे शंभर ग्रॅम ॲल्युमिनियम एक अंशाने तापवण्यास नव्वद ज्यूल लागतात. त्यावर ठरावीक सेकंद किरण सोडला, तापमान किती अंश वाढले ते पाहिले, वाढलेल्या अंशांना नव्वदने गुणले आणि सेकंदांनी भागले, की वॅट हाती येतात. महागड्या व्यावसायिक उपकरणांतही मुळात हेच घडते. काळ्या तबकडीवर पडलेला प्रकाश तिला तापवतो आणि तबकडीच्या दोन भागांतील तापमानाच्या फरकावरून शक्ती काढली जाते. काठीच्या टोकाला धातूचा तुकडा आणि मागे काटा फिरणारी तबकडी अशी तयार हातमापेही परदेशात मिळतात, पण त्यांच्या किमतीत जे मिळते ते घरी बनवता येते, एवढेच नव्हे तर त्याची खातरजमाही घरीच करता येते.

ठोकळा कसा असावा, हा या कामातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. ॲल्युमिनियम स्वस्त असते, कोणत्याही लेथवाल्याकडे त्याचा तुकडा मिळतो आणि उष्णता त्यात काही सेकंदांत सर्वत्र पसरते. चाळीस मिलिमीटर व्यासाच्या दांड्याचा पन्नास मिलिमीटर लांबीचा तुकडा सुमारे १७० ग्रॅम भरतो आणि तीस-चाळीस वॅटच्या यंत्राला तो बेताचा आहे. अडचण अशी की स्वच्छ ॲल्युमिनियम १०.६ मायक्रोमीटरचे सुमारे ९८ टक्के किरण परत फेकते, त्यामुळे उघडा ठोकळा किरणासमोर ठेवला तर माप जवळजवळ शून्य येईल आणि परावर्तित किरण भलतीकडे जाऊन आग किंवा इजा करील. म्हणून पृष्ठभाग काळा करावा लागतो. मोटारसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो उष्णतारोधक काळा मॅट रंग या कामी चांगला. मात्र तो अगदी पातळ मारावा, कारण रंग स्वतः उष्णतेचा मंदवाहक असल्याने जाड थराचा वरचा भाग खालच्या धातूला ऊर्जा देण्याआधीच जळून पांढरा पडतो. मेणबत्तीची काजळी उत्तम शोषक असली तरी पहिल्याच किरणात उडून जाते. काळे ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर विद्युत-रासायनिक क्रियेने चढवलेला रंगीत ऑक्साइडचा थर, अधिक टिकाऊ ठरतो.

रंग कितीही चांगला असला तरी काही टक्के प्रकाश परततोच, आणि नेमका किती, हे घरी ठरवणे कठीण असते. या अनिश्चिततेवरचा उपाय लेथवर पाच मिनिटांत होतो. ठोकळ्याच्या समोरच्या तोंडात बारा मिलिमीटर व्यासाचे, पस्तीस मिलिमीटर खोल, आरपार न जाणारे भोक पाडावे आणि आतून काळे करावे. नळीतून निघणारा किरण पाच-सहा मिलिमीटर जाडीचा असल्याने तो भोकात सहज शिरतो. ड्रिलमुळे तळाला आपोआप शंकूचा आकार आलेला असतो, त्यामुळे तेथून उसळलेला प्रकाश सरळ परत न येता भिंतींवर पुन्हा आदळतो आणि प्रत्येक वेळी त्यातला बहुतांश भाग शोषला जातो. नव्वद टक्के शोषणारा रंग अशा पोकळीत अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या घरात काम करू लागतो. काळ्या वस्तूच्या प्रारणाचा अभ्यास करणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्रज्ञांनीही पोकळीचाच आश्रय घेतला होता, कारण कोणत्याही रंगापेक्षा लहान तोंडाची खोल पोकळी अधिक काळी असते.

तापमापकासाठी बाजारात ‘डीएस १८ बी २०’ नावाचा अंकीय संवेदक शे-दीडशे रुपयांच्या आसपास मिळतो. त्याची निरपेक्ष अचूकता अर्ध्या अंशाची असली तरी तो एका अंशाचा सोळावा भाग ओळखतो, आणि येथे तापमान किती आहे यापेक्षा ते कितीने वाढले एवढेच हवे असल्याने कायमची चूक वजाबाकीत निघून जाते. ठोकळ्याच्या बाजूला पाडलेल्या अरुंद भोकात उष्णतावाहक पेस्ट भरून तो घट्ट बसवावा. दुरून तापमान दाखवणारी पिस्तूल-तापमापके या कामाला टाळावीत, कारण चकचकीत धातूसमोर ती ठोकळ्याऐवजी खोलीचेच तापमान सांगतात.

आता रोधकाकडे वळू, कारण घरगुती मापाला विश्वासार्हता येते ती त्याच्यामुळे. ठोकळ्याचे वजन आणि पुस्तकातला विशिष्ट उष्मा यांवरून हिशेब करता येतो, परंतु मिश्रधातू कोणता, भोकात किती धातू गेला, संवेदक आणि पेस्ट यांनी किती उष्णता घेतली, असे प्रश्न मागे राहतात. ते सारे एका झटक्यात मिटवण्यासाठी ठोकळ्याच्या मागच्या तोंडावर ॲल्युमिनियमच्या कवचातला, २५ वॅट क्षमतेचा, १० ओहमचा रोधक पेस्ट लावून पक्का करावा आणि बारा व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालवावा. रोधकाच्या टोकांवरचा व्होल्ट आणि त्यातून वाहणारा प्रवाह मल्टिमीटरने मोजला, की दोहोंचा गुणाकार म्हणजे ठोकळ्यात जाणारे वॅट. ॲडॅप्टरवर छापलेला व्होल्ट येथे धरू नये, तो भाराखाली उतरतो. समजा बरोबर १२ व्होल्ट आणि १.२ ॲम्पियर भरले, तर शक्ती १४.४ वॅट आणि साठ सेकंदांत दिलेली ऊर्जा ८६४ ज्यूल होते. त्यामुळे तापमान ५.८ अंशांनी वाढले, तर ठोकळा, रोधक, संवेदक, पेस्ट हे सर्व धरून एका अंशाला १४९ ज्यूल लागतात, हे मोजूनच सिद्ध झाले. प्रकाशाच्या जागी तेवढीच वीज देऊन तुलना करण्याच्या या पद्धतीला विद्युत-प्रतिस्थापन म्हणतात, आणि देशोदेशींच्या राष्ट्रीय मानक प्रयोगशाळांतील लेझर-उष्मामापकही याच तत्त्वावर विजेच्या मापाशी जोडलेले असतात. साधा मल्टिमीटर एक-दोन टक्क्यांत अचूक असतो. त्या अचूकतेचा लाभ प्रकाशाच्या मापाला मिळतो, ही या पद्धतीची खरी कमाई.

प्रत्यक्ष मापन करताना ठोकळा बुचाच्या लहान तुकड्यांवर ठेवावा, म्हणजे उष्णता खाली झिरपणार नाही, आणि त्याच्यामागे विटेचा तुकडा ठेवावा, म्हणजे नेम चुकला तर किरण तेथे थांबेल. वीस सेकंदांचा काळ हाताने न मोजता यंत्राच्या आज्ञावलीतून द्यावा. किरण थांबल्यावर लगेच आकडा टिपू नये. ठोकळ्यात उष्णता समान पसरायला आणि संवेदकाला ती जाणवायला दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि त्यानंतर जे कमाल तापमान दिसते ते खरे. वरच्याच ठोकळ्यावर वीस सेकंदांत ४.१ अंशांची वाढ झाली, तर ६११ ज्यूल म्हणजे सुमारे ३०.५ वॅट शोषले गेले, आणि पोकळीचे अठ्ठ्याण्णव टक्के शोषण लक्षात घेता किरणाची शक्ती ३१ वॅट ठरते. तापलेला ठोकळा हवेत उष्णता गमावतो, ही शंका रास्त आहे. पण खोलीपेक्षा पाच अंश गरम असलेला हा ठोकळा हवेला जेमतेम अर्धा वॅट देतो. तीही चूक घालवायची असेल तर उष्णतेवर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड यांनी वापरलेली युक्ती आहे: ठोकळा आधी फ्रिजमध्ये किंचित गार करून खोलीच्या खाली दोन अंशांवर सुरुवात करावी, म्हणजे पहिल्या अर्ध्यात हवेतून जेवढी उष्णता येते तेवढीच दुसऱ्या अर्ध्यात निघून जाते. पावसाळ्यात मात्र गार धातूवर दव धरते, तेव्हा हा मोह आवरावा. असे तीन वेळा मोजून सरासरी काढली, तर सर्व चुका मिळून पाच टक्क्यांच्या आसपास राहतात. लेबलावरचे ४० आणि हातातले ३१ यांतला फरक ओळखायला एवढी अचूकता भरपूर झाली.

पाण्याने भरलेल्या पेल्यावर किरण सोडून मापन करण्याची कल्पनाही सुचण्यासारखी आहे, कारण १०.६ मायक्रोमीटरच्या किरणांना पाणी जवळजवळ काळेच असते. पृष्ठभागाच्या काही शतांश मिलिमीटरमध्ये ते पूर्ण शोषले जातात. अडचण तेथेच आहे. सारी ऊर्जा इतक्या पातळ थरात साठल्याने वरचे पाणी वाफ होऊन उडते आणि प्रत्येक ग्रॅम वाफ सोबत २,२६० ज्यूल घेऊन जाते, त्यामुळे माप नेहमी कमी भरते आणि किती कमी, ते सांगता येत नाही. निळ्या डायोड लेझरसाठी तर पाणी पारदर्शकच असल्याने ही पद्धत मुळातच लागू पडत नाही.

निळ्या यंत्रासाठी वरचाच ठोकळा चालतो. फक्त पाच वॅटने तो हळू तापतो म्हणून किरण साठ ते नव्वद सेकंद सोडावा, आणि ठोकळा फोकसपासून बराच खाली ठेवावा, नाहीतर रंगाला भोक पडते. या यंत्रांत सहज निसटणारी बाब म्हणजे डायोड थंड ठेवणारा पंखा. त्याची हवा बहुधा खालीच फेकली जाते आणि मापन चालू असताना ती ठोकळ्यालाही गार करते. पंखा बंद करणे डायोडला घातक आहे, म्हणून किरणापुरते भोक असलेला पत्र्याचा तुकडा मध्ये आडवा धरून ती हवा वळवावी, आणि रोधकाने अंशांकन करतानाही पंखा व पत्रा तसेच ठेवावेत.

एकदा माप हाती आले की त्याचा मोठा उपयोग एका आकड्यात नसून दोन आकड्यांच्या तुलनेत आहे. वायुनळीच्या यंत्रात किरण नळीतून निघून तीन आरशांवरून वळत भिंगापर्यंत पोहोचतो. स्वच्छ आरसा साधारण दोन टक्क्यांपर्यंत शक्ती खातो आणि भिंग आणखी थोडी, म्हणजे नळीपाशी ३४ वॅट असतील तर भिंगाखाली ३१ ते ३२ मिळायला हवेत. तेथे २४ भरले, तर नळी निर्दोष आहे आणि दोष वाटेत आहे, हे निश्चित झाले. प्रत्येक आरशानंतर एकेक माप घेतले की कोणता आरसा धुराने माखला आहे किंवा कोठे किरण चौकटीला घासून अर्धवट कापला जातो, ते उघड होते. अशा वेळी आरसा पुसण्याने जे काम होते त्यासाठी नवीन नळी विकत घेतली जाते आणि तरीही काप सुधारत नाही, ही हानी थोडीथोडकी नाही.

दुसरी तुलना प्रवाहाची. नळीतून जाणारा प्रवाह मिलिॲम्पियरमध्ये दाखवणारा काटा जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर असतो, आणि नसेल तर तो बसवून घेणे योग्य. पाच, आठ, अकरा, चौदा, सतरा मिलिॲम्पियरवर शक्ती मोजून आलेख काढला, तर सुरुवातीला दोन्ही बरोबरीने वाढतात आणि पुढे एका ठिकाणापासून रेषा वाकू लागते. तेथून पुढचा प्रवाह प्रकाश न वाढवता फक्त वायू तापवतो आणि नळीचे आयुष्य खातो. कमाल प्रवाहाची मर्यादा कोणी सांगितल्यावरून मानण्यापेक्षा आपल्या नळीचा हा वाकणबिंदू ठाऊक असणे अधिक मोलाचे. आज्ञावलीतले ‘५० टक्के’ म्हणजे निम्मी शक्ती नव्हे, हेही याच आलेखातून दिसते, कारण अगदी कमी प्रवाहावर नळी पेटतच नाही किंवा अडखळत पेटते.

या सर्व कामात एका बाबतीत काटकसर चालत नाही, ती म्हणजे सुरक्षितता. अर्ध्या वॅटच्या वरचा अखंड लेझर हा चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो, आणि येथे मोजले जाणारे सारेच त्याच्या कितीतरी पट वर आहेत. १०.६ मायक्रोमीटरचा किरण डोळ्याचे पारपटल जाळतो. निळा किरण डोळ्यातील भिंगातून आत जाऊन दृष्टिपटलावर एकवटतो आणि पापणी मिटण्याआधीच कायमची इजा करतो. एकासाठीचा चष्मा दुसऱ्याला उपयोगी पडेलच असे नाही, म्हणून त्यावर छापलेली तरंगलांबी पाहूनच तो घालावा. नळीपाशी माप घ्यायचे तर मागचे झाकण उघडावे लागते आणि तेथे प्राणघातक दाबाची वीज असते. ठोकळा ठेवताना आणि काढताना यंत्राचा प्लग काढून काही मिनिटे थांबावे, कारण बंद केल्यावरही पॉवर सप्लायमध्ये भार शिल्लक राहू शकतो. ज्यांना उच्च दाबाच्या विजेचा सराव नाही त्यांनी हे माप जाणकाराकडून करून घ्यावे आणि स्वतः भिंगाखालच्या मापावर समाधान मानावे. ते माप फोकसच्या दुप्पट अंतरावर, किरण पुन्हा रुंदावल्यानंतर घेतात. तेवढी खोली यंत्रात नसेल तर भिंग काढून घेतात. कसेही घेतले तरी झाकण लावलेले, धूर ओढणारा पंखा चालू आणि अग्निशामक हाताशी असला पाहिजे.

यंत्र विकत घेणाऱ्याने विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा: हा आकडा विजेचा, नळीच्या तोंडाचा की भिंगाखालचा? उत्तर लेखी घ्यावे. यंत्र आल्यावर पहिल्याच आठवड्यात, हमीची मुदत चालू असताना, नळीपाशी आणि भिंगाखाली माप घ्यावे, आणि ते दोन्ही आकडे प्रवाह, पाण्याचे तापमान व तारीख यांसह यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावेत. पुढे दर तीन-चार महिन्यांनी त्याच ठोकळ्यावर, त्याच प्रवाहाला आणि पाण्याच्या त्याच तापमानाला नवीन आकडा त्याखाली लिहीत जावा. नळी केव्हा बदलायची, हे त्या यादीवरून ठरवावे.